लपवता येत नसेल तर गोंधळात टाका : नॉर्मन विल्किन्सन आणि डॅझल जहाजांची ड्रॉइंग्ज

पुण्याजवळ चाकण किंवा तळेगावच्या रस्त्यावर काळ्या-पांढऱ्या नागमोडी पट्ट्यांच्या स्टिकरने मढवलेली गाडी तुम्ही कधी ना कधी पाहिली असेल. बाजारात न आलेलं मॉडेल टेस्टिंगला निघालं की कंपन्या त्याला असं गुंडाळतात. गंमत बघा, अशी गाडी लपत तर नाहीच, उलट सगळ्या रस्त्यात तीच आधी डोळ्यांत भरते. पण तिचा बोनट कुठे वळतो, दरवाजाची रेष कुठे उठते, हे फोटो काढूनही नीट कळत नाही. वस्तू दिसते, पण तिचा आकार हाती लागत नाही.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि तिचं पहिलं मोठं काम समुद्रावर झालं. ती मोठ्या प्रमाणावर राबवणारा माणूस ना इंजिनिअर होता, ना शास्त्रज्ञ. तो समुद्राची चित्रं काढणारा चित्रकार होता. नाव नॉर्मन विल्किन्सन. महायुद्धातल्या जहाजांची रंगवलेली स्केल ड्रॉइंग्ज ऑनलाइन बघता बघता मी या माणसापर्यंत पोहोचलो. एका बाजूला जहाजाची डावी बाजू, खाली उजवी बाजू, दोन्हीवर वेगवेगळे तिरके पट्टे आणि प्रत्येक पट्ट्यावर रंगाचा क्रमांक. पहिल्यांदा बघताना ते एखादं अमूर्त चित्र वाटतं. नीट बघितलं की कळतं, हे चक्क प्रॉडक्शन ड्रॉइंग आहे. त्यामागे एक प्रॉब्लेम स्टेटमेंट आहे, टेस्टिंगची पद्धत आहे आणि शेवटी एक अवघड प्रश्नही आहे: हे खरंच चाललं का?

चित्रकार ते नौदल

विल्किन्सनचा जन्म २४ नोव्हेंबर १८७८ रोजी इंग्लंडमधल्या केंब्रिजला झाला. शाळा काही काळ लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलच्या गायकवृंदाच्या शाळेत, पुढे चित्रकलेचं शिक्षण पोर्ट्समथजवळच्या साउथसीला. पोर्ट्समथ म्हणजे ब्रिटिश नौदलाचं माहेरघर. तिथे राहणाऱ्या चित्रकाराला जहाजांचं वेड लागलं नाही तरच नवल. १८९८ पासून तो इलस्ट्रेटेड लंडन न्यूज या साप्ताहिकासाठी चित्रं काढू लागला. मधल्या काळात पॅरिसला जाऊन माणसांची चित्रं काढायलाही शिकला, पण मन समुद्रातच राहिलं.

पुढे त्याने रेल्वे कंपन्यांसाठी पोस्टर्स केली आणि त्यात नाव कमावलं. लांबून, चालता चालता बघणाऱ्या माणसाला काय दिसतं, कुठला रंग पुढे येतो आणि कुठला मागे जातो, हे पोस्टर करणाऱ्याला पाठ असावं लागतं. पुढे हेच ज्ञान कामी येणार होतं. टायटॅनिक जहाजाच्या पहिल्या वर्गाच्या स्मोकिंग रूममध्ये शेकोटीच्या वर जे चित्र लावलं होतं, ते प्लिमथ बंदराचं चित्रही त्याचंच. १९१२ साली ते जहाजाबरोबर तळाशी गेलं.

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर विल्किन्सन नौदलाच्या स्वयंसेवक राखीव दलात दाखल झाला. १९१५ मध्ये तो दार्दानेल्स आणि गॅलिपोलीच्या मोहिमेत होता, तिथली रंगीत स्केचेस त्याने पुस्तकरूपाने छापलीही. १९१७ मध्ये त्याची नेमणूक डेव्हनपोर्टच्या तळावर, समुद्रातले सुरुंग काढणाऱ्या बोटींवर होती.

एप्रिल १९१७ : प्रॉब्लेम काय होता

१ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुडीयुद्धावरची सगळी बंधनं काढून टाकली. ब्रिटनच्या आसपास दिसेल ते मालवाहू जहाज, न सांगता, बुडवायचं. एकट्या एप्रिल महिन्यात दोस्त आणि तटस्थ देशांची मिळून साडेआठ लाख टनांहून जास्त जहाजं बुडाली. ब्रिटन हे बेट आहे. धान्य, तेल, कच्चा माल, सगळं समुद्रावरून यायचं. हे असंच चालू राहिलं असतं तर युद्ध रणांगणावर नाही, भाकरीवर संपलं असतं. आणि या टनांच्या आकड्याखाली माणसं होती. मालवाहू जहाजांवरचे खलाशी हे सैनिक नव्हते. इंजिनरूममध्ये कोळसा ओढणाऱ्यांत आपल्याकडून भरती झालेले लस्करही मोठ्या संख्येने होते. टॉर्पेडो लागला की सगळ्यात आधी तेच अडकायचे.

तोवर सगळे एकाच दिशेने विचार करत होते: जहाज दिसू नये असं करा. पण समुद्रावर ते जमत नाही. आकाश दर तासाला रंग बदलतं. सकाळी जो राखाडी रंग मिसळून जातो, तोच दुपारी काळा उठून दिसतो. शिवाय कोळशावर चालणाऱ्या जहाजाच्या धुराड्यातून निघणारा धूर मैलोन्मैल दिसायचा. पाणबुडीचा कप्तान तर खालून, पाण्याच्या पातळीवरून बघतो. त्याला जहाज जवळजवळ नेहमीच उजळ आकाशासमोर दिसतं.

विल्किन्सनने पुढे सांगितलेली हकीकत अशी: शनिवार-रविवार मासे पकडायला गेलेला असताना, परतीच्या ट्रेनमध्ये, थंडगार डब्यात त्याला सुचलं की आपण प्रश्नच उलटा धरतोय. जहाज लपवता येत नाही ना? मग लपवूच नका. ते दिसू दे, पण ते कुठल्या दिशेला चाललंय हे कळू देऊ नका.

मला या गोष्टीतला सगळ्यात आवडणारा भाग हाच आहे. रोजच्या कामात आपण किती वेळा रिक्वायरमेंट जशी लिहिलीय तशीच सोडवायला बसतो! इथे एका माणसाने रिक्वायरमेंटच बदलली. त्याने विचारलं, शत्रूला नेमकी कुठली माहिती लागते? आणि मग फक्त तेवढीच माहिती बिघडवली.

टॉर्पेडोचं गणित

शत्रूला कुठली माहिती लागत होती, हे समजून घेऊ. टॉर्पेडो म्हणजे गोळी नाही. तो पाण्यातून चालणारा, बऱ्यापैकी संथ यंत्रमासा आहे. नेम जहाजावर धरून चालत नाही, जहाज थोड्या वेळाने जिथे असेल तिथे धरावा लागतो. क्रिकेटमध्ये चोरटी धाव घेणाऱ्या फलंदाजाला धावबाद करायचं तर थ्रो तो आत्ता आहे तिथे नाही, यष्टीकडे करतात, तसंच.

हा पुढचा कोन काढायला कप्तानाला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: जहाजाचा वेग आणि त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे. त्या काळी रडार नव्हतं. पेरिस्कोप काही सेकंदांसाठी वर काढायचा, बघायचं, अंदाज करायचा, परत खाली घ्यायचा. म्हणजे सगळी सिस्टीम एका माणसाच्या डोळ्यांवर उभी होती.

आकडे डोळ्यांसमोर यावेत म्हणून मी एक छोटी पायथॉन स्क्रिप्ट लिहिली. गृहीत असं धरलं: १२० मीटर लांबीचं मालवाहू जहाज, वेग १२ नॉट. टॉर्पेडोचा वेग ३६ नॉट. अंतर १००० मीटर. जहाज पाणबुडीच्या दिशेने तिरकं येतंय, म्हणजे जहाजाकडून पाणबुडीकडे जाणाऱ्या रेषेशी त्याच्या तोंडाचा कोन ६० अंश. टॉर्पेडोला पोहोचायला साधारण ४८ सेकंद लागतात. तेवढ्यात जहाज जवळपास ३०० मीटर पुढे गेलेलं असतं. नेम जहाजाच्या मध्यावर. आता वेगाचा अंदाज बरोबर, पण दिशेचा चुकला तर?

- कप्तानाला ६० ऐवजी ५० अंश वाटले : टॉर्पेडो मध्यापासून सुमारे ३५ मीटर मागे लागतो. जहाज गेलं.
- ४५ अंश वाटले : सुमारे ५५ मीटर मागे. अगदी मागच्या टोकाला लागतो.
- ४० अंश वाटले : सुमारे ७८ मीटर मागे. जहाजाच्या मागून १८ मीटरवरून निघून जातो.
- ३० अंश वाटले : सुमारे १३० मीटर मागे. जहाज सुखरूप.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, दिशेच्या अंदाजात वीसेक अंशांचा घोटाळा झाला तरी एक जहाज वाचतं. दुसरी, अंतर दुप्पट केलं की ही सगळी चूकही दुप्पट होते. २००० मीटरवरून मारलेल्या टॉर्पेडोसाठी १० अंशांची चूकही पुरते, कारण ३५ चे ७० मीटर होतात आणि जहाजाची अर्धी लांबी फक्त ६० मीटर आहे. म्हणजे रंगाने कप्तानाला पूर्ण फसवायची गरजच नव्हती, त्याचा अंदाज थोडा ढकलला तरी भागत होतं.

रंगाने दिशा कशी बिघडते

जहाजाची दिशा डोळा कशावरून ओळखतो? नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक, कुठे आहे त्यावरून. डोलकाठ्या एकामागे एक दिसतात की लांब लांब, त्यावरून. धुराडी आणि पूल, म्हणजे जिथून जहाज चालवतात ती वरची खोली, यांच्या कडा कशा दिसतात त्यावरून. विल्किन्सनच्या पद्धतीत नेमक्या याच खुणांवर हल्ला व्हायचा. नाळेच्या उभ्या कडेवरून काळा पट्टा असा ओढायचा की खरी कड हरवेल आणि खोटी कड मागे कुठेतरी दिसेल. पुलाच्या भिंतीवरचा पट्टा खालच्या कवचावर तसाच पुढे न्यायचा, म्हणजे दोन्ही एकच वाटतील. बाजूवर तिरके, एकीकडे निमुळते होत जाणारे पट्टे काढायचे, म्हणजे डोळ्याला वाटेल की जहाज तिकडे वळतंय. रंग मोजकेच होते: काळा, पांढरा, निळा, हिरवा आणि राखाडी. त्यांच्यातला फरक मात्र मोठा हवा, कारण मिळताजुळता रंग लांबून एकमेकांत मिसळून जातो आणि आकार परत दिसायला लागतो.

या पद्धतीला नाव पडलं डॅझल, म्हणजे डोळे दिपवणं.

एप्रिलच्या अखेरीस विल्किन्सनने आपली कल्पना वरिष्ठांपुढे मांडली आणि मे १९१७ मध्ये एचएमएस इंडस्ट्री नावाचं छोटं पुरवठा जहाज चाचणीसाठी रंगवलं गेलं. नंतर एचएमएस अल्सेशियन रंगवलं. हे प्रवासी जहाज तोफा चढवून सशस्त्र व्यापारी क्रूझर म्हणून वापरात होतं. काही महिन्यांत व्यापारी जहाजं सरसकट रंगवायचा निर्णय झाला.

आर्ट स्कूलमधली फॅक्टरी

हजारो जहाजांची डिझाइन्स करायची तर जागा हवी. ॲडमिरल्टीकडे ती नव्हती. शेवटी लंडनच्या बर्लिंग्टन हाउसमध्ये, रॉयल अकॅडमी या चित्रकलेच्या संस्थेच्या स्टुडिओंत डॅझल विभाग सुरू झाला. चित्रकार, मॉडेल करणारे आणि ड्रॉइंग काढणाऱ्या तरुण मुली, ज्यांतल्या बऱ्याच कलाशाळांतून आलेल्या होत्या, अशी ही टीम. त्यांतलीच एक, एव्हलिन मॅकेंझी. १९१८ मध्ये विल्किन्सनने तिच्याशी लग्न केलं.

कामाचा क्रम वाचताना मला तरी आपली आजची पाइपलाइनच आठवते.

पहिली पायरी, मॉडेल. जहाजाचं छोटं लाकडी मॉडेल करायचं आणि डिझायनरने त्यावर पट्टे रंगवायचे.

दुसरी पायरी, टेस्ट. मॉडेल गोल फिरणाऱ्या टेबलावर ठेवायचं, मागे वेगवेगळ्या आकाशांचे पडदे बदलायचे आणि पाणबुडीच्या उंचीवरून पेरिस्कोपने बघायचं. दिशा सहज ओळखता आली तर डिझाइन फेल, परत रंगवा. राजा पाचवा जॉर्ज हा विभाग बघायला आला होता, तेव्हाची गोष्ट विल्किन्सन आवडीने सांगायचा. राजा स्वतः नौदलात वाढलेला माणूस. त्याला मॉडेलची दिशा ओळखायला सांगितली आणि त्याचा अंदाज पार चुकला.

तिसरी पायरी, ड्रॉइंग. पास झालेलं मॉडेल ड्रॉइंग करणाऱ्यांकडे जायचं. त्या पांढऱ्या कागदावर जहाजाच्या दोन्ही बाजू स्केलमध्ये काढायच्या. स्केल होतं एका फुटाला एक इंच भागिले सोळा, म्हणजेच १:१९२. या हिशोबाने ४०० फुटी जहाज कागदावर २५ इंच लांब येतं. कागदावर अष्टमांश इंचाची चूक म्हणजे जहाजावर दोन फुटांची चूक. डावी आणि उजवी बाजू मुद्दाम वेगळ्या ठेवायच्या, कारण दोन्ही सारख्या असत्या तर एकदा शिकलेली खूण शत्रूला दुसऱ्या बाजूनेही वापरता आली असती. त्याच कारणाने एकच डिझाइन सगळ्या जहाजांवर छापण्याचा सोपा मार्गही टाळला.

चौथी पायरी, डिप्लॉयमेंट. ड्रॉइंग बंदरावरच्या अधिकाऱ्याकडे जायचं. हे अधिकारीही बहुतेक चित्रकारच. लिव्हरपूल आणि ब्रिस्टलच्या गोद्यांमध्ये एडवर्ड वॉड्सवर्थ हा चित्रकार हे काम बघायचा. त्याने १९१९ मध्ये काढलेलं, लिव्हरपूलच्या सुक्या गोदीतल्या डॅझल जहाजांचं चित्र आज त्या काळातल्या प्रसिद्ध चित्रांत धरलं जातं. जहाज माल उतरवायला बंदरात असेल तेवढ्याच वेळात रंगारी लोकांना दोऱ्यांवर लटकून, कागदावरची रेष पन्नास-साठ फुटांच्या वक्र पत्र्यावर उतरवायची असे. पत्रा सपाट नाही, कागद सपाट आहे. त्यामुळे अधिकारी लांब उभा राहून रेष वर-खाली करायला सांगायचा. मगच रंग.

युद्ध संपेपर्यंत ब्रिटनची ४००० च्या आसपास व्यापारी जहाजं आणि सुमारे ४०० नौदलाची जहाजं अशी रंगवून झाली होती. १९१८ च्या सुरुवातीला विल्किन्सन अमेरिकेला जाऊन तिथल्या नौदलालाही हे तंत्र शिकवून आला. अमेरिकेत छापलेल्या अशा ४५५ रंगीत ड्रॉइंग्जचा संच ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या ग्रंथालयात आहे. युद्धात बंदरावर हेच काम केलेल्या त्यांच्या एका माजी विद्यार्थ्याने तो जपून ठेवला आणि नंतर संस्थेला दिला.

श्रेय कुणाचं?

युद्ध संपलं आणि भांडण सुरू झालं. ग्लासगो विद्यापीठातले प्राणिशास्त्राचे प्राध्यापक जॉन ग्रॅहम कर यांनी सप्टेंबर १९१४ मध्येच विन्स्टन चर्चिलना, म्हणजे त्या वेळच्या नौदलमंत्र्यांना, पत्र लिहिलं होतं. झेब्रा, जिराफ अशा प्राण्यांचे पट्टे-ठिपके त्यांच्या शरीराची बाह्यरेषा तोडतात, जहाजांनाही तसंच रंगवा, असं त्यांचं म्हणणं. काही जहाजांवर प्रयोग झाले, पण १९१५ मध्ये नौदलाने ते सोडून दिलं.

हा वाद शोधकांना बक्षीस ठरवणाऱ्या शाही आयोगासमोर गेला. १९२२ मध्ये निकाल विल्किन्सनच्या बाजूने लागला आणि त्याला २००० पौंड मिळाले. कर यांच्या हाती काही लागलं नाही.

माझं मत विचाराल तर दोघांचंही काही खरं आहे. उंच फरकाच्या पट्ट्यांनी आकार मोडायचा, हा विचार कर यांच्याकडे आधी होता. पण त्यांचा भर बराचसा जहाज कमी दिसावं यावर होता, आणि त्यांच्या सूचना हाताखालच्या रंगाऱ्यांपर्यंत पोहोचेतो धूसर झाल्या. विल्किन्सनने उद्दिष्ट एकच ठेवलं, दिशा चुकवणं, आणि त्यासाठी मॉडेल ते बंदर अशी सगळी साखळी उभी केली. कल्पना एकाची आणि चालणारी सिस्टीम दुसऱ्याची, असं टेक्नॉलॉजीच्या इतिहासात पुन्हा पुन्हा होतं. बक्षीस बहुतेक वेळा सिस्टीमवाल्याला मिळतं. तरी प्राध्यापकांचं नाव या गोष्टीतून गाळणं मला पटत नाही.

मग, चाललं का?

आता खरा प्रश्न. आकडे बघू. १९१८ च्या पहिल्या तिमाहीत, हल्ला झालेल्या डॅझल जहाजांपैकी ७२ टक्के बुडाली किंवा त्यांचं नुकसान झालं. साध्या जहाजांत हे प्रमाण ६२ टक्के होतं. म्हणजे डॅझल उलट वाईट! दुसऱ्या तिमाहीत मात्र डॅझल ६० टक्के आणि साधी ६८ टक्के. आता डॅझल चांगलं!

ए-बी टेस्टिंग केलेल्या कुणालाही इथे धोका दिसेल. प्रत्येक डिझाइन वेगळं, जहाजांचे आकार वेगळे, वेग वेगळे. मोठ्या जहाजांना रंग आधी लागला असेल तर पाणबुड्याही मोठ्याच जहाजांच्या मागे जाणार. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, मे १९१७ पासून जहाजांनी एकत्र, युद्धनौकांच्या पहाऱ्यात प्रवास करायची काफिल्याची पद्धत सुरू झाली होती. बुडणाऱ्या जहाजांची संख्या घटली, त्याचं मोठं श्रेय काफिल्याला जातं. दोन बदल एकाच वेळी प्रॉडक्शनला गेले की कुठल्या बदलाने काय झालं, हे नंतर लॉग बघून सांगता येत नाही. ॲडमिरल्टीच्या समितीनेही १९१८ मध्ये काहीसा असाच निष्कर्ष काढला: फायदा निर्विवाद सिद्ध होत नाही, तोटाही दिसत नाही, पण खलाशांचं मनोधैर्य वाढतं, म्हणून चालू ठेवा.

नियंत्रित प्रयोगाचा एक प्रयत्न १९१९ मध्ये झाला. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये लिओ ब्लॉजेट या विद्यार्थ्याने रंगवलेली मॉडेल्स पेरिस्कोपमधून दाखवून लोकांना दिशा ओळखायला लावली. अंदाज चांगलेच चुकले आणि त्याने ते यश रंगाच्या नावावर मांडलं. २०२५ मध्ये ब्रिटनच्या ॲस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी तो डेटा परत तपासला. त्यांनी एक साधी गोष्ट केली: जुन्या फोटोंमधले पट्टे पुसून, रंग नसलेल्या जहाजांवर तोच प्रयोग केला. आणि काय दिसलं? पट्टे नसतानाही लोक चुकतात. लांबचं जहाज क्षितिजाला समांतर चाललंय असंच डोळ्याला वाटतं, मग ते २५ अंशांपर्यंत वळलेलं का असेना. पट्ट्यांचाही परिणाम होता, पण तो या क्षितिजाच्या भ्रमापेक्षा लहान निघाला.

म्हणजे विल्किन्सन खोटा ठरला का? मला तसं वाटत नाही. वरचं गणित परत बघा. कप्तान आधीच चुकत असेल, आणि रंगाने त्यात थोडी भर घातली, तर लांबून मारलेला टॉर्पेडो हुकायला ती भर पुरू शकते. जवळून मारला तर नाही पुरत. रंग हा चमत्कार नव्हता, पण स्वस्त होता, आणि ज्या जहाजाला काही ना काही रंग द्यायचाच होता त्यालाच तो दिला जात होता. आणि मनोधैर्याचं म्हणाल तर, ज्याला रोज रात्री पाण्याच्या पातळीखालच्या इंजिनरूममध्ये उतरायचंय, त्याला आपल्यासाठी कुणीतरी काहीतरी केलंय हे दिसणं मी तरी किरकोळ मानणार नाही.

दुसरं महायुद्ध आणि क्रूझर्स

दुसऱ्या महायुद्धात विल्किन्सनला हवाई खात्याने बोलावलं. या वेळी काम अगदी उलटं, विमानतळ वरून दिसू नयेत असं रंगवणं. जहाजांच्या रंगाचं काम आता लेमिंग्टन स्पा या गावातून चालायचं. तिथे पाण्याच्या टाकीत मॉडेल्स ठेवून वेगवेगळ्या प्रकाशात तपासत. म्हणजे बर्लिंग्टन हाउसची पद्धतच, जरा सुधारून.

क्रूझर्सची रंगीत ड्रॉइंग्ज आवडीने बघणाऱ्यांसाठी हा काळ म्हणजे खजिना आहे. थेम्स नदीवर संग्रहालय म्हणून उभी असलेली एचएमएस बेलफास्ट नोव्हेंबर १९४२ ते जुलै १९४४ या काळात राखाडी-निळ्या छटांच्या तुकड्यांत रंगवलेली होती, आणि १९९९ मध्ये तिला परत तसंच रंगवलं गेलं. अमेरिकन नौदलाने तर ड्रॉइंग्जना व्हर्जन नंबरसारखी पद्धत लावली. आधी रंगसंगतीचा क्रमांक, मग डिझाइनचा क्रमांक, आणि शेवटी जहाजाच्या प्रकाराचं अक्षर: विमानवाहू जहाजाला ए, क्रूझरला सी, विनाशिकेला डी. दर जहाजाला नवं चित्र काढण्याऐवजी एक टेम्प्लेट अनेक जहाजांवर, गरजेप्रमाणे बदलून. विल्किन्सनच्या काळातला हातमाग आता यंत्रमाग झाला होता.

आपलाही एक धागा इथे जुळतो. युद्धात असे पट्टे अंगावर घेऊन फिरलेली एचएमएस नायजेरिया ही ब्रिटिश क्रूझर १९५७ मध्ये भारतीय नौदलात आली आणि आयएनएस मैसूर झाली. १९७१ च्या युद्धात ती मुंबईच्या पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. तोवर तिच्या अंगावर साधा राखाडी रंग होता. कारण एव्हाना बघणारा डोळाच बदलला होता. रडारला पट्टे दिसत नाहीत. त्याला पत्रा दिसतो.

शेवटची वर्षं आणि आज

विल्किन्सन पुढे शांतपणे चित्रं काढत राहिला. १९३६ ते १९६३ अशी सत्तावीस वर्षं तो ब्रिटनच्या जलरंग चित्रकारांच्या शाही संस्थेचा अध्यक्ष होता. दुसऱ्या महायुद्धातल्या समुद्री लढायांची पन्नासहून अधिक चित्रांची मालिका त्याने देशाला देऊन टाकली, ती ग्रिनिचच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहे. १९६९ मध्ये आत्मचरित्र आलं. मे १९७१ च्या अखेरीस, वयाच्या ९२ व्या वर्षी तो गेला.

त्याचा विचार मात्र कामात आहे. २०१० मध्ये ॲडम हार्वी या कलाकाराने चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला चकवण्यासाठी मेकअप आणि केशरचनेची डिझाइन्स केली आणि त्या प्रकल्पाच्या नावात डॅझल हाच शब्द घेतला. पद्धत तीच: तो अल्गोरिदम चेहऱ्यातल्या कुठल्या खुणा शोधतो ते बघा, आणि फक्त त्या मोडा. मशीन लर्निंगच्या मॉडेल्सना चुकवणारे विशिष्ट नक्षीचे स्टिकर आणि टी-शर्ट हाही त्याच घराण्यातला प्रकार. आणि त्यांचं दुखणंही तेच. एका मॉडेलला फसवणारी नक्षी पुढच्या व्हर्जनला फसवेलच असं नाही, जशी पेरिस्कोपला फसवणारी नक्षी रडारला फसवू शकली नाही.

म्हणून अशी कुठलीही युक्ती वाचली की मी आता दोन प्रश्न आधी विचारतो. समोरचा नक्की कशावरून ओळखतोय? आणि पट्टे पुसून तोच प्रयोग कुणी केलाय का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर विल्किन्सनने १९१७ मध्येच दिलं होतं. दुसरं उत्तर मिळायला १०८ वर्षं लागली.

त्याची डॅझल मॉडेल्स लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमकडे आहेत आणि ऱ्होड आयलंडची ड्रॉइंग्ज ऑनलाइन बघता येतात. मोठ्या स्क्रीनवर उघडा, झूम करा, आणि आधी जहाजाची नाळ शोधायचा प्रयत्न करा. त्यासाठी किती सेकंद लागतात ते मोजा. पाणबुडीच्या कप्तानाकडे तेवढेही नव्हते.